चिप नसलेलं गाव

‘ब्लॅक मिरर’ मालिकेतला ‘मेन अगेन्स्ट फायर’ हा भाग आपल्याकडे बहुतेकांनी चुकीचा वाचला आहे. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी नेटफ्लिक्सवर आलेल्या तिसऱ्या सीझनचा हा पाचवा भाग, चार्ली ब्रूकरने लिहिलेला. त्याचा विषय निघाला की मित्रमंडळींत ठरलेलं वाक्य ऐकू येतं: “टेक्नॉलॉजीने माणसाला कसं फसवलं बघ.” हेच वाक्य जरा कपडे बदलून आमच्या बीड जिल्ह्याबद्दलही ऐकू येतं: “मोबाईलने पोरं बिघडवली.” माझ्या मते ही दोन्ही वाक्यं खोटी आहेत, आणि दोन्ही एकाच सोयीसाठी बोलली जातात. हा लेख त्या सोयीविरुद्ध आहे.

मी सिरसाळ्याचा, तालुका परळी. इंजिनिअरिंग करून आता पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. ॲप उघडणाऱ्याला पुढे काय दाखवायचं हे ठरवणारा कोड आमची टीम लिहिते. म्हणजे ‘फसवलं’ हा आरोप थेट माझ्या धंद्यावर आहे. धंद्याची वकिली करायला मी आलेलो नाही. पण आरोपपत्रात एकाच आरोपीचं नाव लिहून बाकीचे सगळे साक्षीदार म्हणून सुटणार असतील, तर त्याला माझी हरकत आहे.

पुढे सगळी गोष्ट सांगणार आहे. पाहिला नसेल तर भाग तासाभराचाच आहे, आधी बघून या.

गोष्ट

युद्धानंतरचा एक देश, नाव नसलेला. स्ट्राइप नावाचा नवा सैनिक. त्याच्या डोक्यात ‘मास’ नावाची यंत्रणा बसवली आहे, आपण तिला चिप म्हणू. तिच्यामुळे नकाशे, आदेश, बंदुकीचा नेम सगळं डोळ्यांसमोरच दिसतं. सैनिकांचं काम ‘रोच’ मारणं, म्हणजे झुरळं. पडद्यावर ती दिसतात दोन पायांची, पांढुरकी, दात विचकून किंचाळणारी. एका गावाचा अन्नसाठा त्यांनी लुटलाय. त्यांना आसरा देणाऱ्या एका माणसाच्या घरावर छापा पडतो, आणि पहिल्याच मोहिमेत स्ट्राइप दोघांना मारतो, एकाला गोळीने, एकाला सुऱ्याने. त्या गडबडीत झुरळांनी बनवलेल्या एका यंत्राचा प्रकाश त्याच्या डोळ्यांवर पडतो आणि चिप बिघडायला लागते.

बिघाडात त्याला आधी वास येतो. गवताचा. चिपने वाससुद्धा बंद केला होता हे त्याला आणि आपल्याला तेव्हा कळतं. पुढच्या मोहिमेत समोर झुरळाऐवजी एक घाबरलेली बाई दिसते. त्याची सहकारी रेमन तिला गोळी घालते, कारण रेमनची चिप शाबूत आहे. स्ट्राइप कॅटरिना नावाच्या दुसऱ्या बाईला आणि तिच्या मुलाला घेऊन पळतो. कॅटरिना त्याला सांगते, हे एका दिवसात झालं नाही. आधी तपासण्या झाल्या, मग नोंदी झाल्या, मग आमच्याबद्दल बोलायची भाषा बदलली. थोड्या वेळाने रेमन तिथेही येते आणि मायलेकांना मारते. शेवटी कोठडीत आर्केट नावाचा लष्करी मानसोपचारतज्ज्ञ स्ट्राइपला सगळा कारभार उलगडून सांगतो.

इथवर गोष्ट ‘टेक्नॉलॉजीने फसवलं’ याच रस्त्याने जाते. पण लेखकाने त्या रस्त्यावर दोन मोठे दगड टाकून ठेवलेत, आणि आपण ते पाहूनही वळसा घालून पुढे जातो.

पहिला दगड: गावकऱ्यांच्या डोक्यात चिप नाही. ज्यांचं अन्न लुटलं गेलं, जे झुरळांच्या नावाने थरथरतात, त्यांना समोरचा माणूस माणसासारखाच दिसतो. दोन डोळे, एक नाक, थकलेला चेहरा. तरीही त्यांच्या तोंडी शब्द ‘झुरळ’ हाच आहे. झुरळांचा हात लागलेलं अन्न त्यांना नको आहे. म्हणजे द्वेष चिपमधून आला नाही. तो आधीपासून होता. चिप फक्त त्यांच्यासाठी लागली ज्यांना प्रत्यक्ष बंदूक चालवायची होती.

दुसरा दगड: स्ट्राइपने होकार दिला होता. आर्केट त्याला त्याचाच जुना व्हिडिओ दाखवतो. चिप काय करणार हे त्याला समजावून सांगितलं जातंय, हा होकारही तू विसरशील असं सांगितलं जातंय, आणि पठ्ठ्या फारशी चौकशी न करता ‘हो’ म्हणतोय. कोणी त्याच्या मानेवर सुरी ठेवलेली नव्हती.

हे दोन दगड बाजूला केले की गोष्ट सरळसोट होते: वाईट सरकार, वाईट यंत्र, बिचारा मुलगा. ते तिथेच राहू दिले की प्रश्न आपल्याकडे वळतो.

जखम कशासाठी असते

भागाचं नाव एका खऱ्या पुस्तकाचं आहे. अमेरिकी लष्करी लेखक एस. एल. ए. मार्शल याचं ‘मेन अगेन्स्ट फायर’ १९४७ साली आलं. दुसऱ्या महायुद्धात प्रत्यक्ष चकमकीत शंभरातले पंधरा ते पंचवीस सैनिकच शत्रूवर गोळी चालवत होते, असा त्याचा दावा होता. त्याच्या आकड्यांवर पुढे इतिहासकारांनी गंभीर शंका घेतल्या. तरी मूळ निरीक्षणाने सैन्यांना विचारात पाडलं: साधा माणूस समोरच्या साध्या माणसाला सहजासहजी मारत नाही. त्यानंतर गोल चकतीऐवजी माणसाच्या आकाराच्या पुतळ्यांवर नेमबाजीचा सराव आला.

आर्केट हाच इतिहास सांगतो आणि पुढची अडचणही सांगतो. प्रशिक्षणाने गोळ्या जास्त चालायला लागल्या, पण घरी परतलेली पोरं आतून मोडलेली होती. झोप नाही, किंकाळ्या ऐकू येतात. चिपने दोन्ही प्रश्न सोडवले. मारताना हात थरथरत नाही आणि मारल्यावर रात्री छान स्वप्नं पडतात.

मला या भागात सगळ्यात भयंकर वाटते ती ही दुसरी सोय. मनावरची जखम म्हणजे आपण माणूस पाहिला होता याचा पुरावा. ती जखम काढून टाकली की मारणाऱ्याचा त्रास जातो आणि त्याच्यासोबत घटनेचा शेवटचा साक्षीदारही जातो. म्हणून स्ट्राइपसमोर ठेवलेली निवड इतकी क्रूर आहे. एक तर आठवणी पुसून पुन्हा रुजू हो, नाहीतर कोठडीत बसून तू केलेले खून चिपशिवाय, खऱ्या चेहऱ्यांसकट पुन्हा पुन्हा बघ.

‘झुरळ’ हा शब्दही ब्रूकरने हवेतून आणलेला नाही. रवांडात १९९३ मध्ये सुरू झालेल्या आरटीएलएम या रेडिओ केंद्रावरून तुत्सींना ‘इन्येंझी’ म्हणजे झुरळं म्हटलं जात होतं. १९९४ मध्ये शंभरेक दिवसांत लाखो माणसं मारली गेली. तिथे ओळखपत्रावर वंश लिहिलेला असायचा, बेल्जियन राजवटीपासूनचा. नाक्यावर अडवलं की कार्ड दाखवायचं. चिप लागली नाही. रेडिओ, कार्ड आणि कोयता पुरला.

बीडची मी रवांडाशी बरोबरी करत नाही. तसं करणं रवांडात मेलेल्यांचा अपमान होईल आणि बीडमध्ये जगणाऱ्यांचाही. पण माणसाच्या जागी भलतंच काही दिसायला लागतं ते कसं, एवढं समजून घ्यायला तो इतिहास पुरेसा आहे.

आमचं ओळखपत्र

या लेखावर माझं पूर्ण नाव आहे. ‘सिरसाळा, परळी’ हे शब्द वाचल्यावर तुमच्यातले काही जण परत वर जाऊन आडनाव बघून आले असतील. त्यावरून हा कोणत्या बाजूचा असणार, लेख कुणाविरुद्ध जाणार, पुढे वाचायचा की नाही, हे ठरलंही असेल. यासाठी कोणी तुमच्या कवटीला भोक पाडलेलं नाही.

आमच्याकडे आडनावाने भागलं नाही तर पुढचे प्रश्न तयार असतात. “देशमुख म्हणजे कोणते देशमुख?” “पाव्हणे कुठले तुमचे?” “कुलदैवत कोणतं?” “घर गावात कोणत्या बाजूला येतं?” विचारणारा अत्यंत प्रेमाने विचारतो, चहा पाजून विचारतो. इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं तर आडनाव हे ओळखण्याचं तसं रद्दड साधन आहे. जाधव, पवार, चव्हाण ही आडनावं मराठ्यांत आहेत, बंजाऱ्यांत आहेत, बौद्धांत आहेत. देशमुख मराठा असतो, ब्राह्मण असतो, मुसलमानही असतो. इतकी चूक करणारा कोड मी दिला तर तो टेस्टिंगमध्येच परत येईल. पण लोक या साधनाच्या भरवशावर कोणाच्या दुकानातून खत घ्यायचं हेही ठरवतात.

हे लिहितोय ते हवेतलं नाही. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी, मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलेलं असताना, माजलगाव आणि बीडमध्ये आमदार-नेत्यांची घरं आणि पक्षांची कार्यालयं जळाली. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. २०२४ ची लोकसभा निवडणूक जिल्ह्यात उघड मराठा विरुद्ध वंजारी, मराठा विरुद्ध ओबीसी अशी वाचली गेली. साडेसहा हजार मतांच्या फरकाने निकाल लागला आणि त्यानंतर अमुक समाजाच्या दुकानात जायचं नाही, अमुक समाजाच्या हॉटेलात चहा प्यायचा नाही, अशा शपथांचे व्हिडिओ फोनवर फिरले. ज्यांचे बाप एकाच बांधावर बसून भाकरी खात आले ती पोरं एकमेकांच्या स्टेटसचे स्क्रीनशॉट जपून ठेवायला लागली.

मग डिसेंबर २०२४. केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं ९ तारखेला अपहरण झालं आणि अमानुष मारहाण करून त्यांचा खून झाला. खटला न्यायालयात आहे, त्याचा निकाल मी लावणार नाही. मला बोलायचंय ते फोनवर काय झालं त्याबद्दल. खुनाच्या तीन दिवस आधी पवनचक्की प्रकल्पावर गावातल्याच एका दलित सुरक्षारक्षकाला मारहाण झाली होती, आणि त्याच्यासाठी सरपंच तिथे धावून गेले होते. मराठा सरपंच आपल्या गावच्या दलित माणसासाठी खंडणीखोरांसमोर उभा राहतो, ही त्या घटनेतली अस्सल गोष्ट. रीलमध्ये ती किती वेळा ऐकलीत? काही दिवसांतच त्या सुरक्षारक्षकाचा चेहरा गायब झाला आणि उरलं ‘यांचा माणूस’ आणि ‘त्यांची माणसं’. मार्च २०२५ मध्ये आरोपपत्रातले छळाचे फोटो बाहेर आले. अख्ख्या महाराष्ट्राने ते पाहिले. अनेकांनी रडून पाहिले. काहींनी मात्र ते पाहतानाही मनात आडनावांची बेरीज-वजाबाकी चालू ठेवली. आर्केटने स्ट्राइपला दिलेली शिक्षा, खऱ्या चेहऱ्यांसकट पाहण्याची, आम्हाला फुकट मिळाली होती. तीही आम्ही जातीच्या खात्यावर जमा केली.

कोडचा वाटा

आता माझ्या धंद्याबद्दल. जिल्ह्यातल्या कोणत्याही पोराला तुम्ही विचारा, तो सांगेल की इन्स्टाग्रामला त्याची जात माहीत आहे. बरोबर आहे, पण कशी माहीत आहे ते ऐका.

आमच्या टेबलमध्ये जात नावाचा रकाना नाही. त्याची गरजही नाही. तुम्ही एखादा व्हिडिओ किती सेकंद पाहिला, परत पाहिला का, कुणाला पाठवला, खाली काय लिहिलं, कोणत्या आवाजावर थांबलात, एवढं नोंदलं जातं. मग तुमच्यासारखं वागणारे दुसरे कोण आहेत ते शोधलं जातं आणि त्यांना जे आवडलं ते तुम्हाला दाखवलं जातं. यंत्राला ना मराठा कळतो ना वंजारी. त्याला कळतं की हा तीनशे माणसांचा गठ्ठा या गाण्यावर थांबतो आणि तो तीनशेचा गठ्ठा त्या गाण्यावर. आपल्या समाजात लग्न, सोयरीक, वस्ती, मित्र, स्मशान सगळं आधीच वेगळं असल्यामुळे हे गठ्ठे जातीवर जाऊन बसतात. हजार वर्षांची वाटणी यंत्राला आयती मिळते.

कंपन्या निर्दोष आहेत असं मी म्हणत नाही. राग आलेला माणूस स्क्रीनवर जास्त वेळ टिकतो हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यावर पैसा कमावला जातो. त्यांना कायद्याने बांधलंच पाहिजे. पण कंपनीला शिव्या घालणारा माणूस एक गोष्ट सांगत नाही: यंत्राला रोज शिकवणारा मास्तर तोच आहे. शिवीगाळीची क्लिप शेवटपर्यंत पाहणारा, ती ‘बघा यांची लायकी’ म्हणून सात ग्रुपवर टाकणारा, दुसऱ्या बाजूच्या पोराने केलेली चांगली गोष्ट दोन सेकंदांत सरकवून देणारा. एकेक अंगठा म्हणजे एकेक सही. आणि स्ट्राइपसारखंच सही केल्याचं विसरून जायचंही त्याच करारात आहे. म्हणून तर सगळे छातीठोकपणे सांगतात, “आमच्यात आधी जातपात नव्हती हो, हे या मोबाईलमुळे झालं.”

नव्हती? १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला तेव्हा मराठवाड्यातल्या गावागावांत दलितांची घरं जाळली गेली, माणसं मारली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. त्या सोळा वर्षांत कोणाच्या खिशात स्मार्टफोन होता? ज्यांच्या वस्त्या तेव्हा जळल्या त्यांना जाऊन सांगा की द्वेष जिओच्या सिमकार्डातून आला. ते गाव चिप नसलेलंच होतं.

दुसरा भ्रम

आता पुण्या-मुंबईकडे वळतो, कारण इथवर वाचताना तिथल्या काहींना बरं वाटलं असेल. “आमच्याकडे नाही बाई असलं काही. आम्ही जात बघतच नाही.”

भागाचा शेवट आठवा. आठवणी पुसलेला स्ट्राइप गणवेशात एका सुंदर घरासमोर उभा आहे. दारात त्याच्या स्वप्नातली मुलगी हसतेय. मग कॅमेरा दाखवतो की ते घर पडकं, रिकामं आहे. म्हणजे चिप दोन कामं करते. नको असलेल्या माणसाला झुरळ बनवते आणि आपल्या पडक्या घराला बंगला बनवते. ‘आम्ही जात बघत नाही’ हा तो बंगला आहे.

पुण्यात खोली शोधताना मला आधी पूर्ण नाव विचारलं गेलं, मग गाव, मग “नॉनव्हेज खाता का?” एका घरमालकांनी गाव ऐकल्यावर हसून म्हटलं, “बीड? नको बाबा, तुमच्याकडे तर बंदुका असतात.” खोली मिळाली नाही. बातम्यांत ‘बीडचा बिहार झाला’ हे वाक्य इतकं घासलंय की त्यात बिहारवर अन्याय होतोय हेही कुणाला सुचत नाही. माझा दलित मित्र हे ऐकून हसला. म्हणाला, “तुला दोन वर्षांपासून विचारतात, आम्हाला कायमच.” त्याला आडनाव विचारल्यावर फोन बंद होण्याची सवय आहे. ‘जात बघत नाही’ हे सहसा त्यालाच परवडतं ज्याची जात बघून दार उघडतं.

त्यामुळे ‘जात विसरा, माणूस बघा’ या गोड उपदेशाशी माझं पटत नाही. जात न बघणं हीसुद्धा एक चिपच आहे. ती लावली की कुणाची जमीन का नाही, कुणाचं घर गावकुसाबाहेर का आहे, हे दिसायचं बंद होतं. निजामाच्या काळातल्या कुणबी नोंदी शोधत तहसीलच्या पायऱ्या झिजवणारा कोरडवाहू शेतकरी खरा आहे. आपल्या लेकराच्या ताटातला घास जाईल म्हणून धास्तावलेला ओबीसी बापही खरा आहे. त्यांच्या मागण्यांवर कडाडून भांडण व्हावं. भांडायला समोर माणूस लागतो. झुरळाशी कोणी भांडत नाही, त्याला चिरडतात.

एक कोयता

माझ्यावर हमखास येणारा आक्षेप असा: तू पोटभर पगार घेऊन पुण्यात बसलास, गावातल्या बेकार पोरांना काय कळतं? पुढारी त्यांना वापरतात, त्यांना कशाला दोष देतोस?

पुढारी वापरतात, मान्य. पण ‘त्यांना काय कळतं’ हे वाक्य मला त्या पोरांचा सगळ्यात मोठा अपमान वाटतं. ज्या पोराला ट्रॅक्टरचं इंजिन खोलून जोडता येतं, पाच मिनिटांत रील एडिट करता येतं, त्याला आपण काय शेअर करतोय हे कळत नाही? त्याला कळतं. त्या बदल्यात त्याला काहीतरी मिळतं, म्हणून तो करतो. नोकरी नाही, जमीन दोन एकर, लग्न ठरत नाही, अशा वेळी ‘आपण कोण’ याचं उत्तर कमेंटमध्ये फुकट मिळतं. चारशे लाइक मिळतात. सैनिकांना रात्री पडणारी छान स्वप्नं ती हीच. सौदा खरा आहे, म्हणून तो मोडणं अवघड आहे. फसवणूक असती तर एका जागृती मोहिमेत काम झालं असतं.

या सौद्यात तो काय देऊन बसतो ते मात्र पाहा. दसऱ्यानंतर आमच्या जिल्ह्यातून लाखो माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादम उचल देतो ती जोडप्याला, आणि त्या जोडप्याला म्हणतात ‘एक कोयता’. नवरा-बायको मिळून एक हत्यार. माणसाला किड्याचं नाव देणारी मालिका बघून आपण हादरतो, आणि माणसाला अवजाराचं नाव देणारा शब्द रोज सहज वापरतो. त्या कोयत्यांत वंजारी आहेत, मराठा आहेत, बंजारा आहेत, दलित आहेत. फडावर गेल्यावर कारखान्याला कुणाच्याही आडनावाशी घेणं नसतं. एक दिवस काम बुडालं की खाड्याचा दंड सगळ्यांनाच.

२०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. सरकारी समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. सहा बायकांमागे एक. यात कोणत्या जातीच्या किती, यावर कुणी मोर्चा काढला नाही, कारण त्या सगळ्याच होत्या. पाळीच्या दिवसांत खाडा नको, पोटदुखीवर वारंवार खर्च नको, म्हणून हा उपाय. ती खरी जखम. ती अनेकांच्या घरात आहे, आईच्या, मावशीच्या, शेजारच्या काकूंच्या पोटावर आहे, दोन्ही बाजूंच्या पोरांच्या घरात आहे. तिच्यावर किती रील फिरले? फडावरच्या बायांसाठी संडास आणि दवाखाना मागणारं एखादं गाणं डीजेवर वाजलं? नाही वाजलं. तिथे समोर झुरळ नाही, आणि झुरळ नसेल तर आपला अंगठा हलत नाही.

चिप खरं तर हे लपवते. शेजारी आपल्याच जखमेने कण्हतोय, ते ऐकू येऊ देत नाही.

पहिलं नाव

२०२५ च्या सुरुवातीला बीडच्या पोलिस अधीक्षकांनी एक निर्णय घेतला: पोलिसांनी एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायची. पुढे टेबलावरच्या पाट्यांवरूनही आडनाव गेलं. खूप जणांनी टिंगल केली. आडनाव काढल्याने जात जाते का म्हणून. जात नाही, हे खरं. पहिलं नाव सांगितलं की लोक “पूर्ण नाव?” विचारतातच. पाट्या बदलून तपास निष्पक्ष होत नाही, तो व्हायला पाहिजे म्हणून वेगळं भांडावं लागेल.

तरी मला तो निर्णय टिंगलीचा वाटत नाही. त्याने एक कबुली दिली, की फिर्याद घेऊन आलेला माणूस पोलिसाच्या छातीवरची पट्टी वाचून न्याय मिळणार की नाही हे ठरवतो. एवढी उघड कबुली आमच्या जिल्ह्यात एकाही पक्षाने, एकाही महाराजाने, एकाही ग्रुप ॲडमिनने दिलेली नाही. शिवाय तो निर्णय सही करणाऱ्याकडून काहीतरी मागतो. रोज हाक मारताना तुम्हाला जाणूनबुजून एक शब्द गिळावा लागतो. सवयीच्या मध्ये तेवढीच अडचण.

मला तुमच्याकडून अशीच अडचण हवी आहे. ‘द्वेष पसरवू नका’ असं मी सांगणार नाही, ते ऐकून कोणी थांबलेलं नाही. पुढच्या वेळी ग्रुपवर ‘बघा यांची पोरं’ म्हणून क्लिप येईल तेव्हा खाली एवढंच विचारा: यातल्या पोराचं नाव काय, गाव कोणतं, पुढे काय झालं? बहुतेक वेळा टाकणाऱ्याला एकाचंही उत्तर माहीत नसतं. तुम्हाला शिव्या पडतील, कदाचित ग्रुपमधून काढतील, ‘फितूर’ म्हणतील. आमच्याकडे तो शब्द लवकर मिळतो. पण विचारून झाल्यावर ती क्लिप पाहणाऱ्या बाकीच्या दोनशे जणांना, ज्यांनी काही लिहिलं नाही त्यांनाही, क्षणभर त्या पोराचा चेहरा दिसलेला असेल.

स्ट्राइपला रीसेट एकदाच विचारला होता. आपल्याला तो रोज विचारला जातो, रात्री झोपण्याआधी, अंधारात, हातातल्या उजेडात. ‘मला फसवलं’ म्हणायची सोय माझ्या पिढीला उरलेली नाही. कोड कसा चालतो ते आम्हाला माहीत आहे, शेजाऱ्याचं नावही माहीत आहे.